लक्ष्मीला पाय कसा लावू?

तीर्थस्वरूप आत्याबाई,
दौंडहून तुमच्या सुनेचा साष्टांग नमस्कार.

या महिन्यात घरात आलं ते असं: रबरी पट्टा, अडीचशे. पायात घालायचा प्लॅस्टिकचा आधार, बाराशे. व्यायाम शिकवायला भांडगावहून एक मुलगी येते, तिची फी लिहीत नाही. तुम्ही वर असलात तरी छातीत कळ येईल.

तुमच्यामागं तुमच्या लेकाला लकव्याचा झटका आला. हात बराच सुधारला, पण उजवं पाऊल लोंबतं. चालायला गेले की अंगठा फरशीला घासतो आणि तोल जातो. जीभही जड आहे, नकार मात्र स्वच्छ निघतो!

मुलगी म्हणाली, "काकू, काकांच्या तळपायाला तळहात लावा. काका, स्कूटरचा ब्रेक दाबता तसं दाबा."

यांनी जरासं दाबलं आणि लगेच डाव्या हातानं माझ्या हाताला शिवून तो छातीला लावला. परत दाबा म्हटलं तर, "न्हाई. घरच्या लक्ष्मीला पाय लावायचा न्हाई. आईनं सांगितलंय."

लहानपणी सुपाला पाय लागला म्हणून तुम्ही यांना उलथन्यानं बदडलंत, ठाऊक आहे मला. पण इतकं पक्कं बदडायचं का हो?

मग ज्वारीचं पोतं पुढं केलं, तर ते अन्न. रद्दीचा गठ्ठा, तर ती सरस्वती. भिंत, तर "पलीकडं देवघर हाय." उंबऱ्याला मीच नको म्हणाले, रोज पुजते मी तो.

मुलगी कंटाळली. "काका, पाय लावला तर चालेल असं या घरात काही आहे का?"

यांनी विचार केला आणि बोट दाखवलं. "हिच्या माहेरचं कपाट."

माझ्या वडिलांनी दिलेलं लोखंडी कपाट, आत्याबाई! आणि काय तो जोर! दारं करकरली. मुलगी खूश, मी आत जाऊन भांडी आपटली.

दाबणं जमलं, उचलणं जमेना. टाच टेकून बोटं वर घ्यायची, तर पाऊल ढिम्म. तुमचं वर्षश्राद्ध आलंय आणि यांचा एकच हट्ट, केंदूरला रस्त्यावर गाडीतून उतरून आईच्या दारात पायी जाणार. त्या दिवशी मात्र खिडकीकडं बघत म्हणाले, "मला नेऊ नका. उचलून आणलेला बघून आईला काय वाटंल?"

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. मी मनातून घाबरले होते, म्हणून देवापुढून उठले ती तशीच यांच्या पाया पडायला वाकले. सणावारी वाकते तेव्हा हे लाजून पाय मागं घेतात. तसंच म्हणाले, "राहू दे गं," आणि उजव्या पायाची बोटं वर आली! टाच जमिनीवर, बोटं वर! मी पाहिलं, यांनी पाहिलं.

"परत वाक," म्हणाले.

आता मुलीनं हाच व्यायाम लावून दिलाय. सकाळ-संध्याकाळ मी वाकते, हे पाय चुकवतात. माझं पुण्य साठतंय आणि कंबर जातेय.

पण मला एक सांगा. मी हातानं पायाला शिवले तर पुण्य, आणि तोच पाय माझ्या हाताला शिवला तर पाप? कसं काय, आत्याबाई? पायात जोर किती आला ते कपाटाला काय कळणार? माझ्या तळहाताला कळेल.

वचन देते, रस्त्यापासून नाही जमलं तरी अंगणातून तुमच्या दारापर्यंत हे स्वतःच्या पायांनी येतील. मी बाजूनं चालेन, हात धरणार नाही.

फक्त यांना माझ्या तळहाताला पाय लावायची तेवढी परवानगी द्या. पिंडाच्या कावळ्याकडं निरोप देऊ नका, तो फार ताटकळत ठेवतो. उलट टपाली कळवा, आणि थेट यांनाच कळवा. माझं काही ऐकत नाहीत.

तुमची,
सुमन