पातं थांबेपर्यंत

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज मेडशीला पोहोचलो. पुण्याहून निघताना ऑफिसात सगळे हसले. पण हवा छान आहे, एसटीत खिडकी मिळाली आणि काम आठच दिवसांचं. उकंडरावांच्या फर्निचरच्या दुकानात मायटर सॉ बसवायचं, म्हणजे लाकूड हव्या त्या कोनात कापणारं विजेचं यंत्र, आणि ते चालवायला यांना शिकवायचं. हे गृहस्थ वीस वर्षं दाराच्या चौकटी हातकरवतीनं कापतात आणि फटी लांबी-पुट्टी भरून बुजवतात. लोक तरीही त्यांच्याकडूनच चौकटी नेतात, धन्य ते लोक. जेवायची सोय शेजारच्या बेबीताईंकडे आहे. भाकरी मात्र उत्तम.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

यंत्र टेबलाला चार बोल्टांनी आवळलं. प्लग काढलेलाच ठेवून पात्याचा काटकोन गुण्यानं तपासला, मग पंचेचाळीस अंशही पाहिले. नंतर वर्ग घेतला. लाकूड शिकंज्यात आवळायचं, हात पात्यापासून वीतभर लांब, डोळ्यांवर चष्मा, पातं पूर्ण वेगात आल्यावरच खाली आणायचं. बटण सोडल्यावर पातं थांबेपर्यंत मूठ खालीच धरायची. घड्याळ लावून दाखवलं: आठ सेकंद. उकंडराव मान डोलावत होते, म्हणजे काहीही कळलं नव्हतं.

त्यांचा म्हातारा सुतार दौलतसिंग म्हणाला की घड्याळाची गरज नाही. त्याची उमर मानोऱ्याला लाकडं चिरायच्या आरामशीनवर गेली. तिथे ज्यानं पातं फिरवलं तोच ते थांबेपर्यंत मान खाली घालून उभा राहायचा, आणि बाकीचे बोलणं बंद करायचे. "पातं थांबल्याबिगर पाठ नाही दाखवाव, सायेब. ते मंग मांगं येते."

मी विचारलं, एसटीनं येतं की पायी? कुणी हसलं नाही. विनोद कळायलाही थोडं शिक्षण लागतं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज सागवानाची पहिली चौकट कापली. सांध्यात कागद शिरणार नाही. नेमका तेव्हाच पुण्याहून फोन आला. बटण सोडलं, फिरतं पातं वर केलं आणि बोलायला बाहेर गेलो. नियम माझाच होता, कबूल; पण नियम असतात ते शिकाऊ लोकांसाठी. दौलतसिंग मागोमाग आला, हात जोडून म्हणाला की परत येऊन उभे राहा. त्याला अंधश्रद्धेवर चांगलं दहा मिनिटं ऐकवलं.

आत आलो तर पातं फिरत होतं. म्हातारा माझ्याआधी आत गेला होता, त्यानंच जिरवायला बटण दाबलं असणार. पातं थांबायला चार मिनिटं लागली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

दौलतसिंग कापतो तेव्हा आठ सेकंद. मी कापतो तेव्हा बावीस मिनिटं. बेअरिंगचा दोष आहे, पुण्याला कळवलं.

दुपारी लाईन गेली. पंखा थांबला. पातं नाही. मी प्लग उपटला, वायर सगळ्यांसमोर हातात धरली. तरी फिरतंच. उकंडराव शटरपाशी जाऊन उभे राहिले. दौलतसिंग मला म्हणाला, "तुमीनं सुरू केलं, तुमालेच थांबवा लागन." मी खोलीवर निघून आलो.

पिशवीचा पट्टा तुटलाय. तुटलाय कसला, कापलाय. तिरका, साफ, धागासुद्धा निघालेला नाही. गुण्या लावून पाहिला. पंचेचाळीस.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळच्या एसटीनं अकोल्याकडे निघालो. यांचं यांना लखलाभ.

पातूरच्या अलीकडे तो आवाज आला. सीटच्या मागून, मानेशी. कंडक्टरला काहीच ऐकू येत नव्हतं, ठोंब्या. खाली पाहिलं तर शर्टाची उजवी बाही मनगटाशी कापलेली. तिरकी. मग अंगठ्याचं नख. रक्त नाही. पुढचा काप कुठे येणार हे मला कळतं, मोजमाप माझाच धंदा आहे.

मला भीती वाटते आहे. लिहून टाकलं.

परतीच्या एसटीत बसलो.

रविवार, ९ नोव्हेंबर

उभा आहे. सकाळी सातपासून. उजवा हात मुठीवर, डाव्यानं लिहितोय — अक्षर घाणेरडं येतंय. प्लग काढलेला, पातं शुक्रवारपासून फिरतंच आहे. मान खाली घातली की वेग उतरतो. दाराकडे पाहिलं की चढतो.

बेबीताईंनी पाणी पाजलं. दौलतसिंग शेजारी मान खाली घालून उभा आहे.

दुपार. आवाज बारीक झालाय. आता दात दिसतात. साठ आहेत. एकेक वेगळा —

मान दुखते. बी.ई. झालेला माणूस मी, आणि एका गंजक्या सुताराच्या सांगण्यावरून —

थांबलं.

थांबलं. बेअरिंगच होतं. तेल सुकलं होतं, दुसरं काय. म्हातारा अजून मान खाली घालून उभा. कुजबुजतोय, "एक दात हालून राह्यला, सायेब." याला दिसतं तरी काय, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जन्मभर असेच राहणार हे लोक. मूठ सोडतोय. चांगली पाठ फिरवून दाखवतो याला, म्हणजे एकदाचं कळेल की —