दुसरी सही

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमचा चेहरा आठवायला गेले तर आधी फोटोतला चेहरा येतो, हार घातलेला, उगाच ताठ बसलेला. मग थोडं थांबावं लागतं. थांबलं की तुम्ही दिसता, पण वर्गात नाही. अंबरनाथच्या बँकेत दिसता. मॅनेजरच्या टेबलासमोर तीन खुर्च्या, मधल्या खुर्चीत तुम्ही, एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला बाबा, खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेले, कोणी ऊठ म्हटलं तर लगेच उठता यावं म्हणून.

मला घाटावरच्या इंजिनियरिंग कॉलेजात केमिकलला प्रवेश मिळाला होता. बाबा केमिकल कंपनीतच होते, पण कंत्राटी कामगार. मांजर्लीचं आमचं घर चुलत्यांमध्ये सामाईक, ते तारण ठेवायचं तर चार जणांच्या सह्या हव्यात, आणि चुलत्यांनी स्पष्ट सांगितलं की पोरीच्या शिक्षणापायी घर बँकेत घालणार नाही. फीची सवलत मिळाली होती, पण हॉस्टेल, मेस, पुस्तकं यांचं काय? तेव्हा तुम्हीच म्हणालात, कर्ज काढू. बाबा म्हणाले, "सर, माझी सही बँकेत चालत नाय. मी कंत्राटी." तुम्ही म्हणालात, "माझी चालते. मी कायम आहे."

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने कागद बघितले, मार्क बघितले, आणि मग माझ्याकडे न बघता तुम्हाला विचारलं, "मास्तर, मुलीची जात आहे. उद्या लग्न झालं तर हप्ते कोण भरणार? सासरचे?" मी खाली मान घालून बसले होते. तुम्ही शांतपणे विचारलंत, "मुलगा असता आणि उद्या दुबईला गेला असता तर तुम्ही कोणाला पकडलं असतं?" तो म्हणाला, "जामीनदाराला." "मग हिच्या वेळीही मलाच पकडा," असं म्हणून तुम्ही पेनाचं टोपण काढलंत. बाबांनी बाहेर आल्यावर तुमच्या पाया पडायचा प्रयत्न केला. तुम्ही त्यांना खांद्याला धरून उभं केलंत आणि म्हणालात, "अहो, काय करताय, चला चहा घेऊ." चहाचे पैसे बाबांनी दिले. ते देताना त्यांच्या तोंडावर जे समाधान होतं ते मी नंतर कधी बघितलं नाही.

आणि त्याच आठवड्यात तुम्ही मला उल्हासनगरला घेऊन गेलात, ड्राफ्टर घ्यायला. ड्रॉइंगच्या फळीला लावायचं ते यंत्र मी तोवर पाहिलंही नव्हतं. दुकानदार सिंधी, भाव काही केल्या सोडेना. तुम्ही म्हणालात, "साईं, लडकी इंजिनियर बनने जा रही है, हमारे गाँव की पहली." त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि आतून नवंकोरं, चांगल्या कंपनीचं काढून दिलं, आधीच्याच भावात. मग स्वतःहून पेन्सिलींचा डबा वर ठेवला. रस्त्यावर आल्यावर तुम्ही इतके खूश होतात की मला वाटलं, कॉलेजला तुम्हीच निघाला आहात.

कदाचित तसंच होतं. हे मला तेव्हा कळलं नाही.

पहिलं वर्ष मी पास झाले, बऱ्या मार्कांनी. पण मला तिथे काहीही आवडत नव्हतं. वर्कशॉपमध्ये लोखंड घासताना मी विचार करत असे की हे मी कोणासाठी घासते आहे. मेसच्या टेबलावर मात्र मुली माझ्याकडे गणितं घेऊन यायच्या. मी त्यांना समजावायचे, त्यांना समजायचं, आणि तेवढा वेळ बरा जायचा. सुट्टीत आले तेव्हा तुमच्या घरी गेले. काकूही शिक्षिका, त्या शाळेत होत्या. नगरपालिकेच्या शाळेला मेमध्येही काही ना काही कामं असायचीच. तुम्ही स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून चहा करत होतात, बनियनवर, खांद्यावर पंचा. मी दाराशी उभी राहून सांगून टाकलं. म्हटलं, सर, मला हे सोडायचं आहे. इथेच बी.एस्सी. करते, मग बी.एड. करते. मला शिकवायचं आहे.

तुम्ही गॅस बंद केलात. चहा उकळलाही नव्हता. "मास्तरीण व्हायचंय?" तुम्ही म्हणालात. "माझ्याकडे बघ. इतकी वर्षं खडू खातोय. या दोन खोल्या आहेत, त्याही बायकोच्या पगारामुळे. तू यासाठी गेलीस तिकडे? तुझ्या बापाने त्या बँकेबाहेर माझ्यापुढे वाकावं, ते यासाठी?" तुम्ही पुढे म्हणालात, "पुन्हा हा विषय माझ्यासमोर काढायचा नाही." आणि पुन्हा गॅस पेटवलात. चहा आपण दोघांनी घेतला, न बोलता. निघताना तुम्ही जिन्यापर्यंत आलात.

आपलं ते शेवटचं.

दुसऱ्या वर्षी थंडीत तार आली. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. शाळेतच छातीत कळ आली म्हणे, फळ्यावर लिहिताना. मी खूप रडले, सर. हे खरं आहे. आणि दोन आठवड्यांनी बँकेने बाबांना बोलावून सांगितलं की जामीनदार गेले, आता दुसरा जामीनदार आणल्याशिवाय पुढच्या वर्षाचे पैसे सोडता येणार नाहीत, तेव्हा माझ्या आत काहीतरी सैल झालं, हेही खरं आहे. बाबा भिंतीला टेकून बसले होते आणि मी त्यांना पाणी देत होते. माझ्या मनात चाललं होतं, संपलं. आता कोणी मला परत पाठवू शकत नाही. कॉलेज मी सोडलं नाही, ते माझ्याकडून सुटलं, असं सगळ्यांना सांगता येईल. उल्हासनगरच्या कॉलेजात बी.एस्सी.चा प्रवेश कधी सुरू होतो हे मी एका मैत्रिणीला विचारूनही आले.

आम्ही बँकेत गेलो ते फक्त दुसरा जामीनदार मिळत नाही म्हणून सांगायला. तिथे काकू बसलेल्या. पांढऱ्या कपाळाने, साधी सुती साडी, मांडीवर पर्स, पर्समध्ये त्यांच्या पगाराचा कागद. शेजारी तुमचा मुलगा उभा, रागाने लाल झालेला. तो हळू आवाजात, पण आम्हाला ऐकू येईल असं बोलत होता. "आई, बाबांचे फंडाचे पैसे अजून हातात नाहीत. माझं शेवटचं वर्ष आहे. हे आपलं काम आहे का?" काकू त्याला म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी शब्द दिलाय." "बाबा गेले." "म्हणून तर मी आले."

मॅनेजरने त्यांना दोनदा विचारलं, बाई, वाचून घेतलंत ना? काकूंनी सही केली. त्यांची सही अगदी प्राथमिक शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरांसारखी, सुटी, गोल. बाबा तिथेच, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडायला लागले. मी माझ्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत राहिले. कोणाला वाटलं असेल की मी भारावून गेले आहे.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. अभ्यास केला. दर वेळी सोडून यावंसं वाटलं की ती गोल अक्षरं डोळ्यांसमोर यायची आणि मी पुस्तक उघडायचे. पास झाले, अंबरनाथलाच कंपनीत लागले. बाई म्हणून प्लँटवर घेईनात, प्रयोगशाळेत बसवलं. नमुने यायचे, तपासायचे, सही करायची, पुढे पाठवायचे. बाबांचं काम दरम्यान सुटलं, खोकल्याने त्यांना धरलं, आणि घर माझ्या पगारावर आलं. लग्न झालं तेव्हा नवऱ्याला आधी कर्जाचं सांगितलं. तो म्हणाला, भर की, तुझा पगार आहे. लग्नानंतर रोज बदलापूर गावातून रिक्षाने स्टेशन, तिथून कंपनी, आणि परत. हप्ते मी कधी चुकवले नाहीत. तुमच्या मुलाने एकदा रस्त्यात भेटल्यावर विचारलं होतं, "चालू आहे ना व्यवस्थित?" मी हो म्हटलं. तो बरा माणूस आहे, सर. तेव्हा त्याला भीती वाटली होती, एवढंच.

कर्ज संपलं त्या दिवशी बँकेचा कागद घेऊन काकूंकडे गेले. त्या निवृत्त झाल्या होत्या, गॅलरीत भाजी निवडत होत्या. त्यांनी कागद वाचला, घडी घालून मला परत दिला, आणि म्हणाल्या, "सुटलीस. आता सोडायची असेल नोकरी तर सोड." मी म्हटलं, "म्हणजे?" त्या मेथीची पानं खुडत राहिल्या. "मी सही केली तेव्हा तुझा चेहरा पडला होता. मी बघितलं. ह्यांनी मला सांगितलं होतं, तू शिकवायचं म्हणत होतीस ते. तुझ्यावर ओरडल्यावर रात्रभर झोपले नव्हते." मग म्हणाल्या, "मला वाटलं, वीस वर्षांची पोर आहे, आज रडेल, नंतर बरं म्हणेल. बरोबर होतं का गं माझं?"

सर, त्यांचे हात थांबले होते. सत्तरीकडे झुकलेली बाई, तुमच्यामागे एकटीने सगळं ओढलेली, माझ्या उत्तराची वाट बघत होती. घरी बाबांचं औषध संपत आलं होतं. माझा मुलगा नुकता शाळेत जायला लागला होता. मी म्हटलं, "काकू, अगदी बरोबर होतं. मला काम आवडतं." त्या हसल्या आणि मला म्हणाल्या, बस, जेवून जा. मी जेवले.

काकूही गेल्या. मी पुढच्या वर्षी निवृत्त होईन. तुमच्या दोघांपैकी कोणावर माझा राग नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारून बघितलं आहे. तुम्ही नसतात तर मी मांजर्लीत कोणाच्या तरी घरी भाकऱ्या थापत असते, हे मला ठाऊक आहे. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण तुम्ही ते वाचून पुन्हा जागे राहिला असतात. पण काकूंना जे बोलले ते मला कधीतरी कोणापाशी तरी नीट सांगायचं होतं. काम मला आवडलं नाही, सर. एक दिवससुद्धा नाही. मी ते चांगलं केलं, एवढंच.