लांबच्या रस्त्याने घरी

मुक्काम तिसरा,
५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जिवंत आहे. हे आधी सांगते, कारण पाकीट फोडताना तू काय काय कल्पना करशील ते मला ठाऊक आहे. रोज बेचाळीस किलोमीटर धावतेय, रोज नव्या गावात झोपतेय आणि दोन माणसांचं जेवून तिसऱ्याच्या ताटाकडे बघतेय. पोटऱ्या इतक्या ताठरतात की जिना मी कठड्याला धरून उलटी उतरते. काल लॉजचा मालक खाली उभा राहून बघत होता. त्याने गाडीवालीला हळूच विचारलं, तुमच्या बाईंना चक्कर येते का. गाडीवाली म्हणजे माझी दुकानातली मैत्रीण, जी सुट्टी काढून पाणी, केळी आणि कोरडे मोजे घेऊन माझ्या मागून येतेय. ती म्हणाली, चक्कर नाही, चक्रम आहेत.

इतकी वर्षं मी आपल्या इमारतीभोवतीच गोल गोल धावले. आईला दम लागला तर तिची हाक ऐकू यावी म्हणून. दर फेरीला खिडकीखालून तिला हात करायचे. आता चांगला सरळ रस्ता मिळालाय, तर पाय आपले सवयीने डावीकडे वळतात. गाडीवाली हॉर्न वाजवून मला रस्त्यावर आणते.

आईने मला अक्षरशः ढकलून बाहेर काढलं. म्हणाली, अकरा वर्षं माझ्या खाटेशी बसलीस, आता दोन महिने स्वतःच्या पायांवर हिंड. तू पडद्यांची शिलाई बंद ठेवून, भावोजींना एकटं टाकून माझ्या जागी आलीस, तरी चुटपुट लागतेच. तिची गोळी जेवणाआधी. ती जिभेखाली लपवते आणि गिळल्यासारखं पाणी पिते, तेव्हा तोंड उघडून बघत जा.

फोन मी करणार नाही. तिचा आवाज ऐकला की माझे पाय माघारी वळतील. मुक्कामांचे पत्ते तुझ्याकडे आहेत. अगदीच तातडीचं असलं तर गाडीवालीचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय.

लोभ असावा, आणि तो आठवड्यातून एकदा तरी पाकिटात घालून पाठवावा.

तुझी,
भिंगरी


घर,
११ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आईने दोनदा वाचून घेतलं. ‘चक्रम’ला इतकी हसली की ठसका लागला. गोळीचं गुपित फोडलंस म्हणून मात्र रुसलीय. तिच्या मते घरभेदी तूच. दूधवाल्याला तिने ऐकवलं, माझी धाकटी रोज बेचाळीस किलोमीटर धावते आणि तुला दोन जिने चढवत नाहीत. बिचारा आता पिशवी दारात ठेवून पळतो.

बाकी सगळं ठीक. हल्ली ती बसूनच झोपते, म्हणते आडवं पडलं की खिडकी दिसत नाही. म्हणून खाट खिडकीशी ओढून घेतली. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ डोकावून जातात, त्यांना आपला चहा आवडलेला दिसतो. पायांवर थोडी सूज आहे. त्यावर आईचं म्हणणं, धावते ती आणि सुजतात माझे. मीही तिच्याच खोलीत अंथरूण घातलंय, गप्पांना बरं पडतं.

इकडची काळजी करू नकोस. पत्रात रडगाणं लिहायचं नाही, ते तुझ्या पायांत येतं, असा मला आईकडून दम मिळालाय. आणि तू मधूनच परत आलीस तर दार उघडणार नाही, असाही निरोप आहे.

अंगावर दुखणं काढू नकोस. माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी,
ताई


मुक्काम अठरावा,
२० मार्च

ती. आईस,
शि. सा. न.

आज तुलाच लिहितेय, ताईने नुसतं वाचून दाखवायचं, मधे बोलायचं नाही. सध्या समुद्राच्या कडेने धावतेय. वाऱ्याने तोंडावर मीठ बसतं आणि संध्याकाळी आरशात बघितलं की मी साठवणीतल्या लोणच्यासारखी दिसते.

सतरा तारखेला दुपारी एका शाळेच्या मुली गेटापासून पुलापर्यंत माझ्याबरोबर धावल्या. एका टीचभर पोरीने विचारलं, आजी, कुठे निघालात. आजी! मी म्हटलं, घरी, पण लांबच्या रस्त्याने. ती म्हणाली, मग जवळचा रस्ता कुणी सांगितला नाही का. इतकी हसले की थांबून गुडघे धरावे लागले. तेव्हा वाटलं, हे तुला कधी एकदा सांगते.

ताईच्या पत्राखाली तुझ्या दोन ओळी नव्हत्या. हात दुखत असेल तर नुसती रेघ ओढ. पण ती तू ओढ.

गोळी घेतेस ना? आशीर्वाद नेहमीचे नकोत, दमदार पाठव. पुढे चढण आहे.

तुझी,
भिंगरी


घर,
२६ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

गाडीवालीला जवळ बोलाव आणि मगच पुढे वाच.

आई गेली. सतरा तारखेला, दुपारी. तुझं तिच्या नावचं पत्र काल आलं. मी ते तिच्या खाटेवर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. दुसऱ्याच्या नावचं पत्र फोडू नये म्हणतात, पण आता फोडणार कोण? रेघेचं वाचलं आणि पुढे लपवणं मला जमेना.

मागचं पत्र लिहिलं तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, हृदय थकलंय, दिवस थोडे आहेत. मी फ्रिजवरचा नंबर काढून आणला, तर आईने माझं मनगट धरलं. एवढा जोर तिच्यात कुठून आला कोण जाणे. म्हणाली, आत्ता परत आली तर ती पुन्हा कधी या घराबाहेर पडणार नाही. मला निरोप द्यायला तिला बोलावू नकोस. तिचं धावून पुरं होऊ दे, मग सांग. माझ्याकडून वचन घेतलं तेव्हाच मनगट सोडलं.

शेवटच्या दिवशी ती मला तुझ्या नावाने हाक मारत होती. मी एकदा म्हटलं, आई, मी ताई. तिचा चेहरा पडला. मग पुन्हा नाही म्हटलं. दुपारी तिने विचारलं, भिंगरे, किती राहिलं गं. मी म्हटलं, थोडंच राहिलं, आई. ती ‘बरं’ म्हणाली. त्यानंतर काही बोलली नाही.

वचन मोडलंय. आता धावायचं की परत यायचं, ते तुझ्या मनावर. मला जे म्हणायचं असेल ते म्हण.

तुझी,
ताई


३१ मार्च

ताई,

नमस्कार लिहायला हात होत नाही.

नंबर तुझ्या हातात होता. एक फोन. गाडीवालीने मला एका दिवसात घरी आणून सोडलं असतं. अकरा वर्षं मी तिच्या श्वासाच्या आवाजावर झोपले, तो जरा बदलला की उठून बसले. आणि तो थांबला तेव्हा मी परक्या पोरींबरोबर गुडघे धरून हसत होते.

तू म्हणशील, आईने वचन घेतलं. मग मीही तिचंच ऐकून निघाले होते. काय मिळालं दोघींना? जाणारं माणूस त्याच्या बाजूने बोलतं. मागे राहणाऱ्याचा विचार जवळच्याने करायचा असतो. तू तेव्हा तिची मुलगी झालीस, माझी बहीण झाली नाहीस.

तिने माझ्या नावाने हाक मारली आणि ओ तू दिलीस. ती हाक माझी होती, ताई.

रोज धावतेय. का ते विचारू नकोस. थांबल्यावर काय करायचं ते कळत नाही. पत्र पाठवू नकोस.

भिंगरी


९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल थांबले. पाय चांगले आहेत, मोडलेले असते तर निदान ते सांगता आलं असतं. चढणीवर एका पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर बाकावर बसले, ती उठलेच नाही. त्याने पाणी दिलं. विचारलं, कुठून आलात, कुठवर जाणार. पहिलं सांगितलं, दुसरं सांगता येईना. मग म्हटलं, माझी आई गेली. हे वाक्य मी तोवर तोंडाने म्हटलंच नव्हतं, गाडीवालीच्याही हातात नुसतं तुझं पत्र दिलं होतं. त्याने ट्यूब खाली ठेवली आणि विचारलं, केव्हा. मी म्हटलं, आत्ता. आणि मग जी रडायला लागले, ती गाडीवालीने गाडीत बसवलं तरी थांबेना.

माझं धावून पुरं व्हावं असं आईला वाटत होतं. नाही झालं. तिला हे कधी कळणार नाही याचं बरं वाटतं, आणि तेच सहन होत नाही.

राग गेलेला नाही. तो बरोबर आणतेय, दोघींना पुरेल एवढा आहे. पण गाडीत बसल्या बसल्या एकच गोष्ट सारखी मनात येत होती. ‘मी ताई’ म्हटल्यावर तिचा चेहरा पडला, तेव्हा तुझं काय झालं असेल? ते तू एका ओळीत उरकलंस. इतके दिवस तू कुणाजवळ रडलीस? भावोजी आले होते का? आल्यावर सांग. आणि ती किती वाजता गेली, तेही.

गाडीवालीने मला तीन दिवस इथेच झोपवायचं ठरवलंय, मग निघू. हे पत्र बहुतेक माझ्याआधी पोचेल. लोभाचं काय करायचं ते समोरासमोर बसून ठरवू.

तुझी,
भिंगरी

ता. क. आईच्या उशीचा अभ्रा धुवू नकोस. धुतला असशील, तर मला सांगू नकोस.