जात्याला घास

माय,

तुझा एक शब्द मी काल मोडला, तुझाच दुसरा पाळण्यासाठी. ‘शिकलेल्या माणसाच्या तोंडी लागू नको’ हे तू मला शाळेत घालतानाच सांगितलं होतंस. काल लागलो. पश्चात्ताप वगैरे काही नाही, उलट आज सकाळपासून भूक चांगली लागलीय.

तुझं जातं आता शहरातल्या संग्रहालयात आहे. मीच दिलं. तिथं दर रविवारी शाळेच्या मुलांसाठी शेती, रानातली पाखरं आणि जुनं खाणं असा कार्यक्रम असतो. मुलं ज्वारीची कणसं हाताळतात, अंबाडीचं पान चाखून तोंड वाकडं करतात, सुगरणीचं घरटं कानाशी धरून हलवून बघतात. मला आवडतं, खोटं का बोलू. मी मागच्या बाकावर बसतो आणि मनानं चौथीच्या पुस्तकातल्या कवितांत हिंडत राहतो. पण काल त्यांनी पहिल्यांदाच तुझं जातं मांडलं. कार्यक्रम घेणाऱ्या बाईंनी, वयानं माझ्या नातीएवढ्या, खुंटा धरून ते गरागरा फिरवलं. रिकामं.

तो आवाज कानावर आला आणि मी वालूरच्या घरात सात वर्षांचा झालो. तू आडावर गेली आहेस. मी जातं फिरवायलोय, पूर्ण्याच्या स्टेशनात पाहिलेलं रेल्वेचं इंजिन म्हणून, आणि तोंडानं शिट्टी देतोय. तू येतेस, कडेवरची घागर न उतरवताच खुंटा धरतेस. “रिकामं जातं कदी फिरवू न्हाई. दगड दगडाला खातो, त्याची कच भाकरीत येती. आन् घराला भूक लागती ती येगळीच.” मग शिक्षा. सूपभर ज्वारी दळायची आणि दळताना शाळेतली कविता म्हणायची. हाताला फोड आलेत, मी लवकर सुटायला भराभर म्हणतोय, तर तू म्हणतेस, “हळू म्हण की. तुजी कविता जात्याच्या म्होरं पळायली.” त्या दिवसापासून एका फेऱ्याला एक चरण, हेच माझं वृत्त. मास्तरांनी पुढं गण-मात्रा शिकवल्या, पण मला कविता कळते ती अजून तुझ्या हातानंच.

काल एका मुलीनं विचारलं, “पीठ कुठंय?” बाई म्हणाल्या, “पीठ नाही काढायचं बेटा, कसं फिरतं तेवढंच बघायचं.” मी उठलो. टेबलावरचं एक कणीस उचललं आणि निघालो. राखणदार आडवा आला. “आवो बाबा, दोरीच्या आत न्हाई जायचं. म्याडम मला बोलतेत.”

“बोलल्या तर माझं नाव सांग.”

“काय नाव हाय तुमचं?”

“जात्याचा मालक.”

तो हसला आणि बाजूला झाला. बाई मात्र हसल्या नाहीत. “आजोबा, पिठानं किडे होतात. वस्तू जपायची असते. नियम आहे तसा.”

“माझा बी नियम हाय बाई, अन् तुमच्यापेक्षा जुना. जपायचंच असंल तर एक तर हात लावू नका, न्हाईतर घास घाला. रिकामं फिरवून ते झिजायलंय.”

कणीस तळहातावर मळलं, फुंकर मारून कोंडा उडवला, दाणे जात्याच्या तोंडात टाकले आणि त्या मुलीला खुंटा दिला. “लय जड हाय,” म्हणाली, पण सोडला नाही. पीठ सांडायला लागलं तशी सगळी मुलं दोरीच्या आत. बोटांनी चाखायला लागली. एकजण म्हणाला, “ह्यात साखर न्हाई का?”

निघताना बाईंनी शांतपणे सांगितलं, पुन्हा असं केलंत तर जातं काचेत ठेवावं लागेल. ठेवा म्हणालो. पुढच्या रविवारी मी खिसे भरून ज्वारी नेणार आहे. काच बसेल तेव्हा बसेल, तोवर ते उपाशी फिरणार नाही.

हे पत्र कुठं धाडायचं नाही. तुला वाचता येत नव्हतं, त्या आधारावरच इथवर लिहिलं, आता उरलेलंही लिहितो. सुनेच्या घरात जात्याला जागा नव्हती म्हणून ते दिलं, असं मी सगळ्यांना सांगतो. जागा होती. तू गेलीस त्या वर्षी एका दुपारी, घरात कुणी नसताना, तुझा आवाज ऐकावा म्हणून मी जातं फिरवलं होतं. रिकामंच. मग ते डोळ्यांसमोर नको झालं.

डब्यात ज्वारी होती, माय.