खुर्चीला बोले, मला लागे

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला आणि त्यावरचं तुमचं भाषण, दोन्ही थांबलं असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही मजेत आहोत. (आम्ही म्हणजे मी आणि तुमची खुर्ची. बायको माहेरी निघून गेली आहे, त्याचीच ही हकीकत.)

दवाखाना बंद करताना तुम्ही दात काढायच्या दोन खुर्च्यांपैकी एक तुमच्या जिन्याखाली सारलीत आणि थोरली आठ दिवसांसाठी म्हणून आमच्या बैठकीच्या खोलीत ठेवलीत. त्याला आता दुसरं वर्ष लागलं. माझी काही तक्रार नाही. पाहुणा तिच्यात बसतो आणि बसला की आपोआप आ करतो, एवढंच. (विमावाला तर सही न घेताच पळाला. तो आपला फायदाच.) पण बायको मात्र बोलायला लागली. माझ्याशी नव्हे, वस्तूंशी. एकदा दारामागच्या केरसुणीला म्हणाली, की बाई, तुला तरी उभं राहायला जागा आहे. मी केरसुणीकडे पाहून सहानुभूतीनं मान हलवली.

शेवटी तिनंच माझी शिकवणी घेतली. टोमणा म्हणजे बोलायचं भिंतीला आणि लागायचं माणसाला. नाव घ्यायचं नाही, आवाज चढवायचा नाही, आणि ज्याला लागला त्यानं मुकाट्यानं सुधारायचं. मामा, तुम्ही दातांच्या सगळ्या नसा ओळखता, पण ही नस आपल्या घराण्यात कोणालाच नाही हो! मागे तुम्ही आला होतात, तेव्हा ती कपबशीला म्हणाली होती, की काही लोकांच्या घरात हातपाय पसरायला जागा असते. त्यावर तुम्ही म्हणालात, "अगदी खरं, खुर्ची इकडे दिल्यापासून आमच्याकडे कसं ऐसपैस झालंय!" आणि वर दुसरा चहा मागितलात. मीही हसलो. तिथेच चुकलं.

म्हटलं, सराव करावा. आमच्या रंगाच्या दुकानाच्या मालकांनी माझी छत्री नेली ती नेलीच. ते गल्ल्यावर असताना मी शेल्फावरच्या डब्यांना मोठ्यानं ऐकवलं, की दुसऱ्याची छत्री वापरताना लोकांना लाज कशी वाटत नाही. मालक शांतपणे कान कोरत राहिले. पण समोरचं गिऱ्हाईक, ज्याला मी जन्मात पाहिलं नव्हतं, लालबुंद झालं आणि हातातली छत्री काउंटरवर ठेवून पावसात चालतं झालं. मी डब्यांना ऐकवत राहिलो आणि दुपारपर्यंत आणखी काहींनी तेच केलं. संध्याकाळी मालकांनी त्यातली चांगलीशी निवडून घरी नेली आणि उरलेल्या माझ्या गळ्यात मारल्या.

घरी आलो तर बायको दोरीवरच्या ओल्या कपड्यांना सांगत होती, की या घरात एक तर ती राहील, नाहीतर मी. मी म्हटलं, अगं, दोरी लांब आहे, सगळं मावेल. तिनं बॅग भरली.

खरं सांगू? घर खायला उठतं. सकाळी कपाटाशी कोणी भांडत नाही. मीच एकदा केरसुणीला हाक मारून पाहिली, तिनं ओ दिली नाही. तेव्हा आता आडपडदा न ठेवता लिहितो: रविवारी टेम्पो पाठवा आणि खुर्ची घेऊन जा.

तुमचा एकटा पडलेला भाचा

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात बायको आली. राहिलेली शाल न्यायला आले, असं तिनं दाराला सांगितलं. दमली होती बिचारी. कोचावर छत्र्या वाळत होत्या, म्हणून तुमच्या खुर्चीत टेकली. मी पायाशी असलेली कळ दाबली, पाठ हळूहळू मागे गेली, आणि ती जी झोपली ती दिवेलागणीलाच उठली. टेम्पो पाठवू नका.

ता. ता. क. उठल्यावर तिनं शाल परत कपाटात ठेवली. मग खुर्चीच्या हातावरून हात फिरवत तिला म्हणाली, की एकटीनं किती दिवस काढायचे गं, कोणीतरी जवळ बसायला नको का? बोलत खुर्चीशी होती, पण बघत माझ्याकडे होती. मामा, आयुष्यात पहिल्यांदा मला आडून बोललेलं नेमकं कळलं! तेव्हा जिन्याखालची दुसरी खुर्ची ताबडतोब पाठवून द्या. टेम्पो तोच चालेल.