केतकी गाडीत का बसली?

१९ मे, सोमवार
शाळा उघडायच्या आत गणवेशाचे सगळे शर्ट द्यायचेत. मशिनी दिवसभर खडखडतात, म्हणून पुस्तकाचं मोठ्यानं वाचन फक्त तीन ते चार. त्या तासात बचत गटाच्या बाकीच्या सहाजणी काजं-बटणं करतात. हाताचं काम, आवाज नाही. कटिंग माझ्याकडं असल्यानं तेव्हा माझे हात रिकामे, म्हणून वाचायचंही माझ्याकडं आलं.
पुस्तक शेवटाकडं आलंय. नाशिकची केतकी. नवरा सोडून गेल्यावर तिनं खानावळ काढली, आणि बारा वर्षांनी तो दारात उभा. आज मंगलच्या डोळ्यांत पाणी. सरूआक्का, आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या, म्हणाल्या, "बटनं लावा की गं, रडायचं मागून."
चारला दि.चा फोन. पंधरा दिवसांतला पाचवा. नाही उचलला.

२० मे, मंगळवार
उचलला. आवाज तोच. नऊ वर्षांपूर्वी दि. पुण्याला कामाला गेला आणि तिथंच दुसरीबरोबर संसार मांडून बसला. मी माहेरी, सास्तूरला आले. आता ते दुसरं घर मोडलंय. म्हणे, "झालं गेलं विसर. इकडं ये, खोली घेतलीय." माफीचा म नाही.
माझ्या तोंडून मात्र पहिल्यासारखं अहो-जाहोच निघालं. वर "बघते" म्हणाले. बघते का म्हणाले? खरं सांगायचं तर बरं वाटलं. जळ्ळं मेलं.

२२ मे, गुरुवार
पुस्तक घरी आणून शेवट आधीच वाचला. भिंतीवर आपटावंसं वाटलं. अडीचशे पानं बाई ताठ उभी, आणि शेवटच्या पावणेदोन पानांत खानावळीच्या किल्ल्या मदतनीस बाईच्या हातात देऊन त्याच्या गाडीत बसते. का? तर त्यानं मोगऱ्याचा गजरा आणला! लिहिणाऱ्याला कुठली एस्टी गाठायची होती काय कोण जाणे.
एवढी का चिडले मी? कारण परवापासून मी मनातल्या मनात बॅग भरतेय. निळी साडी घ्यायची का नको, इथपर्यंत आले होते.

२४ मे, शनिवार
शेवटचं प्रकरण. गजरा आला आणि पुढचं वाचवेना. मग पुस्तकाकडंच बघत मनाचं बोलायला लागले. केतकी म्हणते, "चहा घ्या. पण खानावळ इथंच राहणार, आणि मीसुद्धा. तुम्हाला यायचं असेल तर इथं खोली बघा. वाट बघून झाली माझी, आता तुम्ही बघा." आणि आत जाऊन पोळ्या लाटायला लागते. मला थांबताच येईना. टाळ्या पडल्या. छायानं तर शिट्टी मारली.
सरूआक्कांनी टाळी वाजवली नाही. त्यांना अक्षर येत नाही, पण सुई अजून चष्म्याशिवाय ओवतात.
"इतकं वाचलीस, अन् पान एकबी उलटलं न्हाईस?"
सापडले. मग छापलेला शेवट वाचावाच लागला. काय गलका! छाया म्हणाली, "गजऱ्यावर गेली व्हय? चाळीस मानसं जेवत्यात की तिच्या हातचं!" मंगल म्हणाली, "जाऊ दे की बाई. बारा वर्सं एकटी काढली, बसली तर बसली." भांडणाच्या नादात दोन शर्टांची काजं भलत्याच पट्टीवर पडली. उसवत बसलो.
निघताना आक्कांनी मागं थांबवलं. "तुझाच शेवट बरा हाय. पर त्यो केतकीचा हाय का तुझा? कुनाचा फोन येतुय गं चारच्या ठोक्याला?"
सगळं सांगितलं. रडले. त्या म्हणाल्या, "जायचं तर जा, ऱ्हायचं तर ऱ्हा. पर आमच्याम्होरं बोललीस तसं त्याच्याम्होरं बोल. मंग मी मानते तुला."

२८ मे, बुधवार
दि. न सांगता आलाच. कानाशी पांढरा झालाय. गटाच्या खोलीच्या दारात उभा, आणि आत सगळ्या मशिनी एकदम बंद. बाहेर लिंबाखाली गेलो.
"सामान भर. अडीचची गाडी आहे."
पदर कमरेला खोचला. म्हणाले, "मी येणार नाही. माझं काम इथं, माझी माणसं इथं. नऊ वर्षं या हातांनीच पोट भरलं. संसार करायचा असेल तर तुम्ही इकडं या. आणि आधी चुकलो म्हणा."
"बायकोच्या गावात राहू? लोक काय म्हणतील?"
"नऊ वर्षं मला म्हणालेच की. आता थोडं तुम्ही ऐका."
हे आधी ठरवलेलं नव्हतं हं! केतकीलाही सुचलं नसतं. अडीचच्या गाडीनं तो एकटाच गेला.
आत आले तर सहाजणी खिडकीला चिकटलेल्या. आक्का एवढंच म्हणाल्या, "मानलं." मग छायानं मला धरून गरागरा फिरवलं, कापलेल्या कॉलरी पायाखाली.
जिंकले मी. आज शेजारणीशी उगाच दहा मिनिटं हसून बोलले. आत कुठंतरी दुखतंयही, खोटं कशाला लिहू. पण जिंकले.

६ जून, शुक्रवार
शर्ट शाळेत पोचले. एकही परत आला नाही. हेडमास्तर म्हणाले, पुढच्या वर्षीही तुमच्याकडंच.
दि.चा मेसेज: "चुकलो." एवढंच. तीनदा वाचला. उत्तर लिहिलं, पुसलं. हे समोर येऊन म्हणायला हवं.

१५ जून, रविवार
आला. उमरग्यात पंपाच्या जळक्या मोटारी भरून द्यायच्या दुकानात लागलाय, तिथंच खोली घेतलीय. भूकंपानंतरच्या पुनर्वसनातली आमची घरं, दारासमोर दार. उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणाला, "चुकलो मी." समोरची लसूण सोलत होती, तिनं ऐकलं. मला तेच हवं होतं.
"जेवू का?"
"जेवा."
दोन भाकरी, आमटी, ठेचा. तिसरी मागून घेतली. पूर्वी मागायचा नाही, नुसतं ताट पुढं सरकवायचा. जेवल्यावर ताट स्वतः उचललं, कुठं ठेवायचं ते विचारलं. मी सांगितलं.
मग उंबऱ्यात घुटमळला. "आज राहू का?"
"शेवटची गाडी साडेसहाला आहे."
वाटलं, आता चिडतो. हसला. "आणि पुढच्या रविवारी?"
"पुढच्या रविवारी भाकरी आहे. बाकीचं मला अजून माहीत नाही."
स्टँडवर सोडायला गेले नाही. दारातूनच, तो वळणापलीकडं जाईपर्यंत बघितलं. राहा म्हणावं असं वाटलं होतं, एकदा नाही, दोनदा वाटलं. म्हणाले नाही. खरंच अजून माहीत नाही मला. पण आता जे काय ठरायचं ते मी ठरवणार, आणि सवडीनं ठरवणार.