डाव वरूनच येतात

ब्लू फोर्क, नेब्रास्का
९ मार्च २००४

प्रिय डॅरेन,

नमस्कार. तू, लिन आणि दोघी मुली खुशाल असाल. आम्ही ठीक. थंडी हटायचं नाव घेत नाही आणि मार्लीसचा गुडघा तिला रोज हवामान सांगतो. शाळेत गेल्या आठवड्यात जेवायला चिली आणि सिनॅमन रोल होते. स्वयंपाकघरातल्या बायका अजून विचारतात, तीन-तीन रोल उचलणारा तो भूगोलाचा मास्तर कुठे गेला.

पत्र बघून दचकला असशील. तू गाव सोडल्यापासून मी तुला चार ओळी लिहिल्या नाहीत. नाताळचं कार्ड आलं असेल ते मार्लीसनं पाठवलं, माझी सहीसुद्धा तिनंच केली.

हल्ली मी आपल्या फुटबॉलच्या त्या सेमीफायनलची फिल्म पुन्हा पुन्हा बघतो. चेंडू आपल्याकडे दाबून ठेवायचा बेत चुकीचा नव्हता, असं मी अजून म्हणतो. समोरचे दर सामन्याला पन्नास गुण करणारे. पण बाकावर बसून कोणी गुण करत नाही. धावायचं, तीन यार्ड घ्यायचे, पुन्हा धावायचं, घड्याळ खात राहायचं. माझ्या आधीचे कोच हेच करायचे, मीही एकतीस वर्षं हेच केलं. तुझा खेळ वेगळा. माझा सहायक म्हणून वरच्या खोलीतून डाव तू सांगायचास, चेंडू हवेत सोडायचास आणि आपली पोरं चाळीस-चाळीस गुण करून यायची. लोक मध्यंतरालाच गाड्या गरम करायला जायचे. आणि त्या दिवशी सव्वातीन मिनिटं उरली असताना आपण तेरा-दहानं पुढे होतो. म्हणजे बेत चालला होता.

बघ, हे सगळं मी कोणाला सांगतोय. तू तिथे होतास.

तिसरा प्रयत्न होता, चेंडू राखायला सहा यार्ड हवे होते. प्रेक्षकांच्या वरच्या खोलीतून तू हेडसेटवर म्हणालास, "कोच, त्यांचे अकराच्या अकरा पुढे आलेत. मागे चिटपाखरू नाही. एक फेक, की मॅच आपली." मी म्हणालो, धावायचं. तू पुन्हा म्हणालास, "कोच, हात जोडतो." मी हेडसेट काढून गळ्यात अडकवला. ब्राइस चेंडू घेऊन धावला, दोनच यार्ड मिळाले. आपण चेंडू लाथेनं त्यांच्याकडे उडवून दिला आणि त्यांनी चाळीस सेकंद राखून आपला निकाल लावला. सतरा-तेरा.

मार्लीसला वाटतं मी घाबरलो. घाबरलो असतो तर बरं झालं असतं. सामन्याआधीच्या बुधवारी पेपरात तुझा फोटो आला होता, वर मथळा: ब्लू फोर्कचं डोकं. माझ्या डोक्याचा फोटो इतक्या वर्षांत कोणी छापला नाही; टक्कल चमकतं म्हणून असेल. मी तो पेपर घडी घालून खिशात ठेवला आणि गुरुवारी सगळे डाव बदलले. मला जिंकायचं होतं, पण तुझ्या हातानं नाही. फेक तू मागितलीस म्हणूनच मी ती दिली नाही. मला त्याची लाज वाटते.

मग सामन्यानंतरचा रविवार. शाळेच्या कॅन्टीनमध्ये गावाला फिल्म दाखवायची आणि विचारतील त्याची उत्तरं द्यायची, हा आपला रिवाज. फिल्मला आवाज नसतो, हेडसेटवर काय झालं ते तिच्यात कळत नाही. धान्याच्या कोठारावरचा हार्लन उभा राहिला आणि म्हणाला, "तिथे फेक का नाही, कोच?" मी म्हणालो, "डाव वरूनच येतात." एवढंच. त्यात खोटा शब्द एकही नाही. त्याआधीचे अकरा सामने डाव वरूनच, तुझ्याकडूनच आले होते. सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळल्या. तू दुसऱ्या रांगेत होतास आणि हातातल्या टोपीकडे बघत राहिलास. तुझं एक वाक्य पुरलं असतं. ते तू बोलला नाहीस, आणि मी त्या दिवशी ते सोयीचं मानलं.

दुकानात बायका लिनला म्हणायच्या, "नवऱ्याला सांग, चेंडू फेकला म्हणून हात गळून पडत नाही." हे मार्लीसनं मला सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. ज्या शाळेत मुख्य कोचच्या जागेसाठी तू अर्ज केलास, तिथल्या मुख्याध्यापकांचा फेब्रुवारीत मला फोन आला होता. त्यांनी विचारलं, "सेमीफायनलला शेवटी तो गडबडला म्हणे. खरं का?" मी म्हणालो, "तरुण आहे. शिकेल." फोन ठेवला आणि जेवायला बसलो. चांगला जेवलो, हेही सांगायला हवं.

ती जागा दुसऱ्याला गेली, हे तुला कळलं असेल. का गेली, ते बहुधा तुला कोणी सांगितलं नसेल. गेल्या गुरुवारी कोचांच्या बैठकीत कळलं की तुझंच नक्की होत आलं होतं. शुक्रवारी मी मुख्याध्यापकांना फोन करून सगळं सांगितलं, हेडसेटसकट. ते म्हणाले, "मिस्टर कुचेरा, करारावर सह्या झाल्या. हे तुम्ही तेव्हा सांगायला हवं होतं."

काल सकाळी कोठारावर नेहमीची मंडळी कॉफी घेत होती. मी उभ्यानंच सांगून टाकलं. वाटलं होतं, कोणीतरी कप आपटेल. हार्लन खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ठाऊक होतं, कोच. डॅरेननं तिसऱ्या प्रयत्नाला सहा यार्डांसाठी धावायचा डाव कधी दिला नव्हता. आम्हाला वाटलं, आठ-पंधरा दिवसांत तुम्हीच बोलाल." बाकीचे कॉफी ढवळत राहिले. एकानं बियाण्यांच्या भावाचा विषय काढला.

म्हणजे लिनला टोमणे मारणाऱ्यांच्या घरातही ठाऊक होतं, डॅरेन. त्यांना राग काढायला कोणीतरी हवं होतं. मला ते रोज भेटणार होते, म्हणून मी तुला पुढे केलं.

हे पत्र लिनला वाचून दाखव. मी माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि मी पुन्हा चांगला जेवेन. म्हणून देऊ नकोस.

तुझं नुकसान करणारा,
अर्विन कुचेरा